जव्हारचे जुने कागद व शिपायांचीं पदकें

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें असें म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें पुण्याचें पेशवे दप्तर, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा आणि राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून जमविलेलीं दप्तरें उभीं राहतात. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडणाऱ्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाचें नांव त्या मालिकेंत सहसा कोणी घेत नाहीं. याचें आम्हांस नेहमींच नवल वाटत आलें आहे. कारण स्वतःचा निराळा शक कागदावर लिहिणारें एक राज्य त्याच डोंगरांत सहाशें वर्षें नांदलें.

जव्हारच्या मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा हा महादेव कोळी. त्याचा पुत्र नीमशहा यास दिल्लीच्या सुलतानानें ५ जून १३४३ रोजीं राजा म्हणून मान्यता दिली. त्या वेळीं त्याच्या ताब्यांत बावीस किल्ले व नऊ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख होता, असें ठाणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. हा दिवस दरबारास इतका महत्त्वाचा वाटला कीं त्यापासून स्वतंत्र कालगणना सुरू झाली, आणि १८८२ सालीं तें गॅझेटियर छापलें गेलें तेव्हांही संस्थानच्या सरकारी कागदांवर ती चालू होती. शिवाजी महाराज १६६४ सालीं सुरतेच्या स्वारीस जातांना शिरपामाळावर थांबले व तेथें विक्रमशहाची भेट झाली, ही आख्यायिका. १६७२ सालीं मोरोपंतांनीं जव्हार घेतलें, हा इतिहास. संस्थान पुढें आकसत गेलें, तरी १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत गादी त्याच घराण्याकडे राहिली. शेजारचें मोखाडें मात्र इंग्रजी अमलांत शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून होतें. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन तऱ्हेचे कागद निपजले : एकीकडे दरबारचे, दुसरीकडे कलेक्टर कचेरीचे.

या कालगणनेचा आमच्या आजच्या विषयाशीं संबंध आहे तो असा. जव्हारच्या एखाद्या जुन्या कागदावर कोपऱ्यांत ५४० च्या आसपासचा नुसता आंकडा असला, तर अनभिज्ञ माणसास तो पानाचा किंवा नोंदवहीचा क्रमांक वाटतो. त्यांत १३४२-४३ मिळविले म्हणजे इसवी सन हातीं लागतो, हें ठाऊक नसलेला तसबिरी मढविणारा कारागीर कागद चौकटींत नीट बसावा म्हणून तोच कोपरा कातरीनें उडवितो. बाकी मजकूर शाबूत राहतो, पण कागदाचें वय गेलें तें गेलें. मराठी कागदांत अशा जागा पुष्कळ असतात. तारखेपूर्वीं येणारा एक 'छ', अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन (त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात), समाप्तीचें मोर्तब, आणि पाठीवरचे 'सुरू सूद', 'बार सूद' हे दप्तरदारी शेरे. लांब महजर किंवा निवाडपत्र असलें तर कागदाचे तुकडे एकाखालीं एक चिकटविलेले असतात आणि सांध्यावर पाठीमागून शिक्के मारलेले असतात. मधला एखादा तुकडा काढून दुसरा घुसडतां येऊं नये, ही त्यांतली योजना. कागदाची पाठ पुठ्ठ्यास चिकटवून टाकली म्हणजे ही सर्व साक्ष कायमची बुजली. आमच्या मतें घराघरांतून प्रेमानें मढविलेल्या सनदांनीं इतिहासाचें जेवढें नुकसान केलें आहे, त्याहून माळ्यावर विसरलेल्या पोतडींनीं कमीच केलें असेल.

जुना कागद सांभाळावयाचा तर तो कसा झाला आहे हें आधीं समजून घेतलें पाहिजे. पेशवाईच्या अमदानींत चालणारा जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हातानें बनविलेला. चिंध्या व ताग कुटून केलेल्या लगद्याचा, खळ लावून गुळगुळीत दगडानें घोटलेला. त्याचे तंतू लांब, म्हणून तो चिवट. त्यावरची शाई काजळी व बाभळीचा डिंक यांची. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. ती उन्हानें उडत नाहीं, काळानें फिकी होत नाहीं, कागदाला खात नाहीं. तिचा शत्रु एकच, पाणी. कारण डिंक विरघळला कीं अक्षर वाहून जातें. ओलें अक्षर सुकविण्यास वर बारीक वाळू टाकीत, आणि दोन-अडीचशें वर्षांनंतर घडी उलगडतांना ती अजूनही बोटांस लागते. ही वाळू झटकतांना पुष्कळांना आपण धूळ काढतों असें वाटतें.

इंग्रजी अमलाबरोबर दोन नव्या वस्तू आल्या. हिराकस व माजूफळ यांची शाई कचेऱ्यांतून सर्वत्र चालू झाली. ती लिहितांना फिकी, पुढें काळीभोर आणि शेवटीं तांबूस होते. तिच्यांतील आम्लानें अक्षराखालचा कागद करपतो आणि कांहीं कागदांतून तर अक्षरेंच गळून पडून जाळीदार भोकें उरतात. दुसरी वस्तु गिरणीचा कागद. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी व राळ घालून घोटलेला हा कागद स्वस्त खरा, पण त्याचा मृत्यु त्याच्याच पोटांत असतो. आम्ल तंतूंना तोडीत जातें, कागद पिवळा, मग तपकिरी होतो, आणि दुमडला कीं बिस्किटासारखा तुटतो. त्यामुळें वाचकांस चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट घडते : १७४० सालचें पत्र हातांत घेऊन सुखानें वाचतां येतें, आणि १९१७ सालचा शिपायाचा दाखला उलगडतांना चार तुकडे होतात. म्हणून ज्याच्या घरीं दोन्ही प्रकार आहेत त्यानें आधीं नव्याची काळजी करावी.

त्यांत जव्हारचें हवामान. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवर. पाऊस शंभर इंचांच्या वर, आणि तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत कागद हवेंतील ओल पिऊन फुगतो, बुरशीचे ठिपके धरतो, आणि मार्चपासून त्याच मोखाड्यांत पाण्यासाठीं मैलभर चालावें लागतें तेव्हां सुकून आखडतो. वर्षानुवर्षें चाललेल्या या फुगण्या-आखडण्यानें तंतू थकतात. कुडाच्या भिंतींचें, शेणामातीनें सारवलेलें घर वाळवीस दूर ठेवूं शकत नाहीं. चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवलेलें बोचकें मात्र धुरामुळें कसरीपासून पुष्कळ अंशीं वांचतें. काजळी बसते, पण कागद टिकतो. अलीकडे बोचक्याची जागा पत्र्याच्या पेटीनें व प्लास्टिकच्या पिशवीनें घेतली आहे. पेटी चांगली, पिशवी वाईट, कारण आषाढांत तोंड बांधलेल्या पिशवींत आषाढाची ओल वर्षभर कोंडून राहते.

येथें वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं राजघराण्याचें आणि सरदारांचें ठीक आहे. डोंगरांतल्या वारली, कोकणा, ठाकूर किंवा कोळी कुटुंबाजवळ मढविण्यासारखें काय असावयाचें? असतें तें फार थोडें, आणि म्हणूनच त्याचें मोल फार. शाळेच्या रजिस्टराचा एखादा उतारा, आजोबांच्या जन्माची कोतवालाच्या वहींतली नोंद, शेतसाऱ्याची पावती, मोडींत लिहिलेलें एखादें कर्जखत. अनुसूचित जमातींविषयींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजीं निघाला. तेव्हांपासून त्या पूर्वीच्या कागदावर वाडवडिलांची जमात काय लिहिली आहे, यास जात-पडताळणींत विलक्षण वजन आलें आहे. 'महादेव कोळी' आणि नुसता 'कोळी' यांत एका शब्दाचें अंतर. पण महाराष्ट्रांत पहिला शब्द अनुसूचित जमातींच्या यादींत आहे, दुसरा नाहीं. तो शब्द नेमका कागदाच्या घडीवर आला, आणि दरवेळीं दाखविण्यासाठीं घडी उघडतां उघडतां झिजून गेला, तर मुलाचा वैद्यकीय महाविद्यालयांतला प्रवेश अडतो. वनहक्काच्या कायद्याखालीं २००८ सालीं जे नियम झाले, त्यांत पुराव्यांच्या यादींत पूर्वीच्या संस्थानांनीं दिलेल्या हक्कांचे व सवलतींचे कागदही धरलेले आहेत. जव्हार दरबारचा एखादा परवाना केवळ संशोधकाच्या कामाचा राहिलेला नाहीं. तो आज जमिनीचा पुरावा होऊं शकतो.

तरीही असे कागद लोक चटकन दाखवीत नाहींत, आणि त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. देशावर इनाम कमिशनाच्या वेळीं, १८५२ च्या कायद्यानंतर, घरोघरच्या सनदा तपासल्या गेल्या आणि पुष्कळांचीं इनामें गेलीं. तेव्हांपासून कागद दाखविला कीं वतन जातें ही भीति मराठी मुलखांत दोन पिढ्या टिकली. राजवाड्यांनाही दारांतून परत फिरावें लागलें तें याच भीतीमुळें. डोंगरांतल्या माणसाची भीति निराळी नाहीं. तेव्हां मूळ कागद मागूं नये. त्याच्या घरीं, त्याच्या समक्ष, दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, आणि कागद त्याच्याच हातांत परत द्यावा. आमचा अनुभव असा कीं एवढें केलें म्हणजे दुसऱ्या भेटींत पेटी आपण होऊन उघडली जाते.

आतां स्वच्छ करण्याविषयीं. मोखाड्याचा बोहाडा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तेथील देवदेवतांचे मुखवटे आठवतील. जव्हारच्या बाजूस असे मुखवटे कागदाच्या लगद्याचेही करतात, आणि ते टिकतात ते पुनःपुन्हां रंगविल्यामुळें. जुना थर झांकला गेला तरी कोणास खंत नसते. उलट देव उजळ दिसावा हाच धर्म. वस्तूचें जतन करण्याची ही एक थोर रीत आहे व ती तेथें अगदीं योग्य आहे. पण तीच रीत दस्तऐवजास लावली म्हणजे अनर्थ होतो. मुखवटा दरवर्षीं नवा देव होऊं शकतो. सनद मात्र दुसऱ्यांदा लिहितां येत नाहीं.

कागदाची धूळ मऊ कुंचल्यानें, मधून कडेकडे, आणि अक्षरांवर दाब न देतां काढावी. पाऊस पडत असतां हें काम करूं नये, हिवाळा उत्तम. बुरशी असेल तर घराबाहेर, नाकाला फडकें बांधून, कागद पूर्ण सुकल्यावरच तिला हात लावावा. ओली बुरशी पुसली कीं ती तंतूंत मुरते. घडीचे कागद जबरदस्तीनें उलगडूं नयेत. पाण्याचा हबका, लिंबू, दुधाचा हात, कपडे धुण्याचा चुना हे सर्व उपाय आम्हीं ऐकले आहेत. काजळीच्या शाईवर त्यांतला पहिलाच पुरेसा घातक आहे. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावणें ही आजकालची सर्वांत मोठी आपत्ति. दहा-पंधरा वर्षांत तिचें पापुद्र्यासारखें प्लास्टिक गळून पडतें, पण तिचा तपकिरी डिंक कागदांत उतरतो तो कोणत्याही तज्ज्ञास पुरता काढतां येत नाहीं. त्याऐवजीं गव्हाच्या निव्वळ खळीनें तुतीच्या जातीच्या सालीपासून केलेला पातळ जपानी कागद पाठीमागून लावतात. ही खळ पुढें पाण्यानें सोडवितां येते. जें आज लावलें तें उद्यां काढतां आलें पाहिजे, हा या विद्येचा पाया. म्हणूनच दुकानांतलें लॅमिनेशन आम्ही सर्वथा त्याज्य मानतों. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेंही एके काळीं असिटेटच्या पातळ पडद्यांत कागद बसविण्याची स्वतःची पद्धत बसविली होती; पण पुढें अभिलेखागारांनीं त्या मार्गावरचा विश्वास आंखडता घेतला. दुकानांतलें तापवून चिकटविलेलें प्लास्टिक तर त्याहून फार वाईट : कागद आंतल्या आंत सडत राहतो आणि पाठीवरचा शिक्का कोणत्या शाईचा हें पुन्हां तपासतां येत नाहीं. वेखंड, कडुनिंबाचीं पानें यांचा आपल्याकडील जुना प्रघात चांगला आहे. मात्र तीं कागदाला भिडवून ठेवूं नयेत, निराळ्या पुरचुंडींत ठेवावीं. आणि आम्ल काढण्याचें काम घरीं करूं नये. तें पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा मुंबईचें पुराभिलेख खातें यांतील जाणत्यांस विचारून करावें.

मढविण्याची हौस ज्यांस आवरत नाहीं त्यांनीं उत्तम प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ कागद आम्लरहित वेष्टनांत आडवा ठेवावा. मूळच लावावयाचा असेल तर कांच कागदाला टेकूं देऊं नये; मध्यें पुठ्ठ्याची खिडकी हवी, नाहींतर पावसाळ्यांत कांचेला आंतून घाम येतो व शाई कांचेस चिकटते. पाठीस प्लायवूड नको, कारण त्यांतून आम्ल झिरपतें. बाहेरच्या भिंतीवर नको, कारण ती ओली. कागद चिकटवावा तो वरच्या कडेस दोन बिजागऱ्यांनीं, जपानी कागदाच्या पट्टीच्या. चारी बाजूंनीं जखडलेला कागद फुगला कीं मधोमध फाटतो.

लष्करी पदकांची हकीकत याहून विचित्र आहे. या डोंगरांतून शिपाई गेले नाहींत असा समज आहे, तो खरा नव्हे. १८५७ च्या डिसेंबरांत कॅप्टन नटाल यानें नगर-नाशिकच्या बाजूस महादेव कोळ्यांची एक पलटणच उभी केली होती. आणि दुसऱ्या महायुद्धांत जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे यांनीं स्वतः हवाई दलांत नोकरी केली. पहिल्या महायुद्धाचें ब्रिटिश वॉर मेडल घ्या. लढणाऱ्या शिपायास तें चांदीचें मिळालें. अशीं सुमारें पांसष्ट लाख निघालीं. मजूर पलटणींतील व शिपायांच्या मागें राबणाऱ्या लोकांस तेंच पदक कांशाचें मिळालें, आणि अशीं निघालीं फक्त एक लाख दहा हजारांच्या घरांत. धातूवरून माणूस काय करीत होता हें कळतें : बंदूक उचलली कीं ओझें. आतां समजा, नातवानें आजोबांचें कांशाचें पदक सोनाराकडून चांदीचा मुलामा देऊन चकचकीत करून घेतलें. त्याच्या डोळ्यांत तें आजोबांचा मान वाढविणें. पण मेसोपोटेमियांत किंवा फ्रान्सांत ओझीं वाहिलेल्या माणसाची एकमेव खूण त्यानें पुसून टाकली. चांदीच्या पदकांवर संकट उलट तऱ्हेचें. चांदीचा भाव चढला कीं तीं सोनाराच्या मुशींत जातात. १९८० च्या आरंभीं जगभर भाव भडकला तेव्हां देशोदेशींचीं पदकें अशींच वितळलीं.

पदकाची खरी किंमत कडेवर असते. त्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण बारीक रोमन अक्षरांत ठसविलेलीं असतात. दुसऱ्या महायुद्धाचीं पदकें इंग्लंडच्या शिपायांस बिननांवाचीं मिळालीं. हिंदी शिपायांचीं मात्र नांवानिशीं आलीं. ही आमच्या लोकांची एक दुर्मिळ मिळकत समजावी. चिंच, राख, रांगोळी किंवा बाजारांतली पितळ घासण्याची पेस्ट यांनीं दर दसऱ्यास घासलेल्या पदकावर तीं अक्षरें प्रथम बोथट होतात, मग वाचेनाशीं होतात, आणि पुढच्या पिढीच्या हातीं राजाचें डोकें असलेली एक गुळगुळीत चकती उरते. व्हिक्टरी मेडलवरचा सोनेरी थर तर इतका पातळ कीं दोन-चार घासण्यांत खालचें कांसें उघडें पडतें.

चांदीचें पदक काळें पडतें तें हवेंतल्या गंधकामुळें. तो काळेपणा धातूस फारसा अपाय करीत नाहीं आणि अक्षरांच्या खळग्यांत बसून तीं उलट स्पष्ट वाचूं देतो. तो तसाच राहूं द्यावा. कांशावर हिरवा कळंक पुडीसारखा सुटूं लागला तर मात्र तो चालता रोग आहे. पदक कोरडें ठेवून जाणत्यास दाखवावें. हात लावण्यापूर्वीं सुती हातमोजे घालावे, घामाचे ठसे कायमचे उठतात. फीत रेशमी असेल तर ती धुवूं नये. कुजली असली तरी नवी घेऊन जुनी फेंकूं नये, कारण फितीवरच्या टांचणीच्या भोकांवरून पदकें कोणत्या क्रमानें लावलीं होतीं हें कळतें. लोकरी कापड, रबर व साध्या पुठ्ठ्याची पेटी या तिन्हींतून गंधक निघतो. म्हणून पदक धुतलेल्या कोऱ्या सुती कापडांत, एकेक निराळें ठेवावें.

पदक आणि शिपायाचें नोकरीपुस्तक हीं मात्र परस्परांपासून तोडूं नयेत. कडेवरचा क्रमांक आणि पुस्तकांतला क्रमांक जुळला म्हणजेच तें पदक त्या घराचें ठरतें. दोन्हीं एकाच पेटींत असावींत, पण एका घडींत नसावींत. पुस्तकाचा गिरणीचा कागद धातूस डागाळतो आणि धातूचा कळंक कागदावर उतरतो. मध्यें एक फळकुटाचा कप्पा पुरे. आणि पेटी मिटण्यापूर्वीं कडेवरचीं अक्षरें भिंगानें वाचून, शिसपेन्सिलीनें, शाईनें नव्हे, एका चिठ्ठीवर देवनागरींत उतरून घ्यावीं, शेजारीं त्या शिपायाचें गांव, पाडा व बापाचें नांव लिहावें, आणि हें घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसास विचारून येत्या पावसाळ्यापूर्वीं उरकावें.